गाडी थांबलीच नाही, आणि कुणी सांगितलंही नाही: तुमचे अनुभव लिहा

नाहूरकर

गेल्या आठवड्यात आईला घेऊन दादरला गेले होते. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पाचव्या दिवसाची तपासणी होती. डोळ्यावर काळा गॉगल, हातात थेंबांच्या बाटल्यांची पिशवी. दादरचे फलाट डिसेंबर २०२३ पासून सलग १ ते १४ झाले तरी आई अजून जुनेच नंबर सांगते, म्हणून तिचा हात धरूनच चालत होते. संध्याकाळी सातच्या सुमाराला घरी नाहूरला यायला ठाणे स्लो, म्हणजे प्रत्येक स्टेशनला थांबणारी लोकल, मिळाली. गाड्या वीस-पंचवीस मिनिटं लेट होत्या, गर्दी नेहमीच्या दीडपट. लेडीजमध्ये एका मुलीने आईचा गॉगल बघून लगेच उठून जागा दिली.

माटुंग्याला गाडीने रूळ बदलले. खडखडाट झाला, पण कुणी फारसं लक्ष दिलं नाही. डब्यातली घोषणा सांगत होती, “पुढील स्टेशन, विद्याविहार.” विद्याविहार खिडकीतून निघून गेलं. बायका एकमेकींना विचारायला लागल्या, “फास्ट केली का?” घाटकोपर घेतलं, विक्रोळी घेतलं, कांजूर सोडलं. भांडुपला काही जणी अंदाजाने उतरल्या. मीही आईला म्हटलं, उतरूया. तेवढ्यात वरून आवाज आला, “पुढील स्टेशन, नाहूर.” आई म्हणाली, “अगं ती सांगतेय ना नाहूर म्हणून! कशाला मधेच उतरायचं?”

आणि ती उठून दाराकडे सरकली. एका डोळ्याने नीट दिसत नाही, गर्दीत खांब हाताला लागत नाही, पण आवाजावर विश्वास. नाहूरला फास्टच्या रुळांना फलाटच नाही. त्यामुळे स्लो गाडी तिकडे वळवली की इच्छा असली तरी ती थांबू शकत नाही. आमचं स्टेशन पलीकडच्या बाजूने भर वेगात मागे गेलं तेव्हा आई उघड्या दाराच्या दोन हातांवर उभी होती. मागच्या बाईने तिच्या पदराला धरलं नसतं तर, हा विचार मी अजून पूर्ण करू शकलेले नाही.

उशीर मी सोसते. वीस वर्षं सोसतेय. रविवारच्या दुरुस्तीच्या मेगाब्लॉकमध्ये विद्याविहार, कांजूर, नाहूर सोडणार हे पेपरात छापून येतं, आम्ही भांडुपला उतरून रिक्षा करतो, तक्रार नाही. पण मंगळवारी संध्याकाळी, आयत्या वेळी गाडी वळवायची आणि वर न थांबणाऱ्या स्टेशनचं नाव घ्यायचं, हे मला मान्य नाही. गाडी कुठे थांबणार नाही हे सांगायला एक वाक्य लागतं.

तुमच्या बाबतीत असं झालंय का? कुठली लाइन, काय घोषणा झाली (किंवा झालीच नाही), प्रत्यक्षात काय घडलं आणि तुम्ही काय केलंत, ते लिहा. परदेशातलं असेल तरी लिहा.

कळव्याचा प्रवासी

मी पूर्ण अंध आहे. स्क्रीन रीडरवर तुमचं वाचलं आणि आईंच्या जागी मी स्वतःला पाहिलं.

आम्हाला घोषणा ही सोय नसते, तोच आमचा इंडिकेटर. फलाटावर दिव्यांग डबा जिथे येतो तिथे बीप-बीप वाजतं, तो आवाज धरून मी उभा राहतो. तो बंद असला की शेजारच्याला विचारतो. आत शिरल्यावर डब्यातली घोषणा चालू असेल तर ठीक, नाहीतर स्टेशनं मोजायची. एखादं स्टेशन मागे-पुढे बोलणारी घोषणा मला गप्प घोषणेपेक्षा जास्त घातक वाटते, कारण ती गप्प असली की मी माझ्या कानांवर चालतो.

२०१८ मधली गोष्ट. ऑफिस सुटल्यावर कुर्ल्याहून कल्याण स्लो पकडली. पावसाचे दिवस, गाड्यांचा बोजवारा. ठाणं सोडलं, खाडीचा पूल आला. पुलाचा आवाज पोकळ असतो, खालून परत येतो, तो मला पाठ आहे. पूल संपला की गाडी कळव्यासाठी वेग कमी करते. त्या दिवशी वेग वाढला. मी दांडा घट्ट धरला. आणि मग एकदम कानात दडे बसले, सगळ्या बाजूंनी आवाज अंगावर आला. पारसिकचा बोगदा! सव्वा किलोमीटरहून लांब, १९१६ सालचा. स्लो लाइन बोगद्यात जातच नाही, ती डोंगराला वळसा घालून कळवा, मुंब्रा करत जाते. म्हणजे माझी गाडी फास्टवर गेली होती आणि हे मला डोंगराने सांगितलं, रेल्वेने नाही.

दिव्याला उतरलो. कळव्याच्या जिन्याच्या पायऱ्या मला तोंडपाठ आहेत, दिव्याच्या नाहीत. पूल कुठे, कडा कुठे, कुणाला विचारू? एका कॉलेजच्या मुलाने हात दिला आणि परतीच्या गाडीत बसवूनच गेला. घरी पोचायला एरवीपेक्षा तासभर जास्त लागला.

२०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि जलद लोकल बोगद्यातून जायच्या बंद झाल्या. ते चांगलंच झालं. पण गाडी वळवली तर आता तो बोगदाही मला काही सांगणार नाही.

नाहूरकर

दादा, बोगद्याचा प्रसंग आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

बदलापूरकर

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. लेट झालेली स्लो फास्ट करणं प्रत्येक वेळी चूक नसतं. जो रेक (डब्यांचा अख्खा संच) ठाण्याला किंवा कल्याणला जातो तोच परतीची गाडी म्हणून फिरतो. तो पंचवीस मिनिटं मागे पडला की त्याची परतीची फेरी पंचवीस मिनिटं मागे, मग तिच्या पुढची, आणि रात्री अकरापर्यंत सगळं वेळापत्रक ढासळतं. मागे गाड्यांची रांग लागलेली असते, एखादी लांब पल्ल्याची गाडी स्टेशनाबाहेर आउटर सिग्नलला शिट्या मारत उभी असते. अशा वेळी कंट्रोल रूमने चार थांबे सोडून गाडी पुढे काढली तर माझ्यासारख्या शेवटच्या टोकाच्या माणसाचं घर लवकर येतं. मी अशा गाडीत बसून सुटकेचा श्वास सोडलेला आहे, खोटं कशाला बोलू?

पण तुमचा मुद्दा बरोबर आहे. ज्यांचे थांबे सोडायचे त्यांना आधीच्या स्टेशनला, गाडी उभी असताना सांगा. उतरायला तीस सेकंद द्या.

माणगावची सून

आमचं माहेर मुंबई, सासर कुडाळजवळचं माणगाव. (रायगडातलं माणगाव नव्हे, तिथे गाडी लवकर पोचते.) दरवर्षी गणपतीला जातो. तीन वर्षांपूर्वी पनवेलहून गणपती स्पेशलचं तिकीट मिळालं होतं. वेळ रात्री पावणेबाराची. आम्ही सहा जण: मी, नवरा, सासू-सासरे, नऊ वर्षांचा मुलगा, धाकटी जाऊ. सोबत पुठ्ठ्याचं घडीचं मखर, पडद्यात गुंडाळलेलं.

पावणेबाराला पाटीवर “एक तास उशिरा”. एकला “दोन तास”. अ‍ॅपवर गाडी कधी ठाण्याला, कधी दिव्याला. फलाट गच्च भरलेला, लोक चटया टाकून झोपलेले. स्पेशल गाड्यांचं हे दुखणं जुनं आहे. कोकणची लाइन बहुतांशी एकेरी, आणि नेहमीच्या गाड्यांना आधी वाट दिली की स्पेशलवाले क्रॉसिंगला उभे. ते आम्हाला ठाऊक होतं. डबा कुठे येईल ते पाटीवर दिसत होतं, आमचा डबा इंजिनाच्या बाजूला. आम्ही सामान उचलून त्या टोकाला नेलं आणि तिथेच बसलो.

चार वाजता गाडी आली. आणि डबे उलटे! आमचा डबा मागच्या टोकाला गेला. थांबा थोडासाच. चोवीस डब्यांची गाडी, फलाटावर झोपलेली माणसं, अंधुक दिवे. सासऱ्यांचं वय चौऱ्याहत्तर. त्यांना पळवणार कसं? नवरा म्हणाला, मिळेल त्या डब्यात चढा, आतून जाऊ. मी, सासूबाई आणि जाऊ एका डब्यात चढलो. नवरा मखर घेऊन पुढच्या दारात. सासरे आणि मुलगा कुठे चढले ते कुणालाच दिसलं नाही. गाडी हलली.

पुढची पंचवीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. सासऱ्यांचा फोन सासूबाईंच्या पर्समध्ये होता. मध्ये एक डबा एसी, त्याचं दार आतून बंद. नवऱ्याने शेवटी टीसीला गाठलं, त्याने दार उघडून दिलं, तेव्हा दोघं जनरलच्या दारापाशी सापडले. मुलाने आजोबांचा सदरा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. “आजोबा पडतील म्हणून सोडला नाही,” म्हणाला. मखराची एक बाजू मोडली, ती घरी गेल्यावर सासऱ्यांनी खळ लावून चिकटवली.

त्या चार तासांत एकदा, फक्त एकदा, कुणी सांगितलं असतं की आज डबे उलट क्रमाने आहेत, तर आम्ही निवांत चालत दुसऱ्या टोकाला गेलो असतो.

राइनकाठची

मी जर्मनीत, कोलोनमध्ये राहते. इकडच्या गाड्यांबद्दल घरी अजून समज असा की घड्याळ लावून घ्यावं. २०२४ मध्ये इथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या. त्यातही सहा मिनिटांच्या आत आली तर वेळेवर, आणि रद्द झालेली गाडी त्या हिशोबात धरतच नाहीत. लेट झालेली गाडी शेवटचे थांबे सोडून अलीकडेच परत फिरवायची, म्हणजे परतीची फेरी वेळेत निघते, ही युक्ती इतकी नेहमीची झालीय की लोकांनी तिला एका माजी संचालकाच्या आडनावावरून ‘पोफाला-वेंडे’, म्हणजे पोफालाचं वळण, असं नाव दिलंय. कोलोनला वेगळा प्रकार: गाडी मुख्य स्टेशनात न येता नदीच्या अलीकडे डॉइट्झला थांबवतात आणि तशीच पुढे काढतात.

दोन वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा आली. फ्रँकफर्टच्या विमानतळावर मला जाता आलं नाही, बाळ तीन महिन्यांचं होतं. ओळखीच्या एका मुलाने तिला विमानतळाच्या स्टेशनवरून गाडीत बसवून दिलं. तासाभराचा प्रवास. आईला मराठी आणि कामापुरतं हिंदी येतं. मी तिला फोनवर चार वेळा समजावलं होतं: “मोठी नदी लागेल, लोखंडी पूल लागेल, पूल संपला की लगेच उतरायचं. समोर काळं मोठं चर्च दिसेल.” यापेक्षा सोपी खूण जगात कुठे असेल?

मी बाळाला छातीशी बांधून फलाटावर उभी. गाडी यायच्या जरा आधी पाटीवर पांढरी पट्टी धावायला लागली: आज इथला थांबा रद्द. लाउडस्पीकर जर्मनमध्ये एकदा बोलला आणि गप्प बसला. गाडीतही घोषणा जर्मनमध्येच झाली असं नंतर कळलं. डॉइट्झला गाडी थांबली, लोक उतरले, आई बसून राहिली. कारण पूल आला नव्हता! तिने माझं अक्षरन् अक्षर पाळलं.

ती ड्युसेलडॉर्फला पोचली. पूल येत नाही, चर्च दिसत नाही, म्हणून घाबरून शेजारच्या बाईला तिने माझा नंबर लिहिलेला कागद दाखवला. त्या बाईने फोन लावला, स्वतःचं काम सोडून आईबरोबर थांबली आणि परतीच्या गाडीत तिला माझ्यापर्यंत घेऊन आली. युरोपात तासापेक्षा जास्त उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तासांच्या वर ५० टक्के परत मिळतात. मिळालेही. आई मात्र पुढचे तीन महिने एकटी ट्रामनेसुद्धा गेली नाही.

खर्डीवाला

आमच्याकडे थांबा सोडत नाहीत, गाडीच संपवतात. रात्रीची कसारा लोकल, इंडिकेटरवर कसाऱ्याचं अक्षर ‘एन’. टिटवाळ्याला फलाटावर घोषणा, ही गाडी पुढे जाणार नाही. का, पुढची कधी, काही नाही. दोनेकशे माणसं फलाटावर. तुम्हाला नाहूरला पाच-दहा मिनिटांत दुसरी गाडी असते, आमच्याकडे एक गेली की तास जातो. पंधरा जणांनी मिळून एक पिकअप ठरवला, भाजीच्या रिकाम्या क्रेटवर बसून हायवेने घरी गेलो. त्यात दोन नर्स होत्या, सकाळी पुन्हा पाच वाजताची गाडी धरणाऱ्या.

निवृत्त घोषक

मी अकरा वर्षं एका मोठ्या जंक्शनवर घोषणा करत होतो. सगळं वाचलं. कुणाला आवडो न आवडो, आतली बाजू सांगतो.

घोषणा करणाऱ्याला गाडी दिसत नाही. आमची खोली आत, खिडकी असली तरी रुळांकडे नाही. गाडी कुठे आहे, कुठल्या फलाटावर घ्यायची, वळवायची की थांबवायची, हे कंट्रोल आणि सिग्नल केबिन ठरवतात. ते आम्हाला फोनवर कळायचं. गडबडीच्या दिवशी कंट्रोलच्या माणसापुढे वीस गाड्या असतात, आम्हाला फोन करणं त्याच्या यादीत शेवटचं. पुष्कळदा गाडीला सिग्नल मिळालेला असायचा, गाडी फलाटाच्या तोंडाशी यायची आणि तेव्हा फोन वाजायचा. आणि रेकॉर्ड केलेली घोषणा म्हणजे तुकडे जोडलेले असतात: गाडीचा नंबर, नाव, फलाट, मिनिटं. ज्याचा तुकडा नाही ते वाक्य यंत्र बोलू शकत नाही. “ही गाडी आज नाहूरला थांबणार नाही” असा तुकडा कुणी भरून ठेवला नसेल तर ते कोण बोलणार? माइक हातात घेऊन माणसानेच बोललं पाहिजे. तो माइक असतो. बोलण्याची भीती असते, कारण चुकलं तर नाव आपलं येतं.

मला सगळ्यात जास्त धास्ती आयत्या वेळच्या फलाट बदलाची वाटायची. गाडी समोर दिसत असताना “फलाट क्रमांक चार ऐवजी सहा” म्हणायचं म्हणजे हजार माणसं एका जिन्यावर ढकलायची. १५ फेब्रुवारी २०२५ ला कुंभमेळ्याच्या गर्दीत नवी दिल्ली स्टेशनच्या जिन्यावर १८ जणांचा जीव गेला. प्रयागराज नाव असलेल्या दोन गाड्यांच्या घोषणेतून गोंधळ झाला असं पोलिसांकडून तेव्हा सांगितलं गेलं, नंतर डोक्यावरचं मोठं ओझं पडल्याचं कारण पुढे आलं. मी तेव्हा निवृत्त होतो, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण माइकवर किती सहज एखादा आकडा बदलायचो, तेच आठवत राहिलं.

एक अनुभव चांगला आहे, तो सांगतो. एका पावसाळ्यात ओव्हरहेड वायर तुटली, सगळ्या गाड्या ठप्प, कंट्रोलकडून काहीच येईना. यंत्र दर दोन मिनिटांनी “दिलगीर आहोत” म्हणत होतं आणि बाहेर लोक काचेवर थापा मारायला लागले. मी यंत्र बंद केलं, माइक उघडला आणि म्हटलं, “वायर तुटली आहे. गाडी कधी येईल हे मला अजून कळलेलं नाही. दर दहा मिनिटांनी मी तुमच्याशी बोलेन, काही कळलं नाही तरी बोलेन.” आणि घड्याळ लावून बोलत राहिलो. दीड तास. तिसऱ्या वेळेनंतर थापा थांबल्या. ज्यांना बसने जाणं शक्य होतं ते गेले, बाकीचे बसून राहिले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खिडकीतून चहाचा कागदी कप आत दिला. वरिष्ठांनी मात्र मला बोलावून विचारलं, मंजूर मजकूर सोडून का बोललास?

नाहूरकर

काका, तुमचं लिखाण मी छापून ठेवलंय. त्यातला ‘तुकडा’ मला सापडला. विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर, तसंच कळवा, मुंब्रा, कोपर, ठाकुर्ली, जिथे जिथे फास्टवर वळवलेली गाडी थांबत नाही, त्या स्टेशनांसाठी एकच वाक्य तिन्ही भाषांत रेकॉर्ड करून ठेवा आणि डब्यातल्या यादीतून ते नाव त्या फेरीपुरतं काढा, अशी लेखी मागणी मी स्टेशन मास्तरांकडे दिली आहे. पोच घेतली आहे. रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली. तुमच्यापैकी ज्यांनी तारीख, वेळ, गाडी लिहून ठेवली असेल त्यांनी आपापल्या स्टेशनला तसाच अर्ज द्यावा, मजकूर हवा असेल तर मागा, पाठवते.

काल आईची दुसरी तपासणी झाली. परत येताना पुन्हा ठाणे स्लो. गाडी आपल्या रुळावरून, प्रत्येक स्टेशन घेत. भांडुप सुटलं, वरून आवाज आला, “पुढील स्टेशन, नाहूर.” मी पिशवी उचलली. आई बसूनच राहिली. दाराशी उभ्या असलेल्या कोळणीला तिने विचारलं, “बाय, बघ गं, फलाट लागला का?” तिने बाहेर वाकून पाहिलं आणि म्हणाली, “लागला आजी, आता उठा.” मग आई उठली.